तेरा पायऱ्यांचं तळघर

१

संध्याकाळी साडेपाच वाजले की दिगंबर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचा. मुलाच्या ओढीनं वगैरे नव्हे. त्या घरात दिवसभरात बघण्यासारखं दुसरं काही घडतच नव्हतं.

घर अमेरिकेतल्या नोव्हायमधलं. बाहेरून बंगला, आतून खोकं. लाकडाच्या पट्ट्या उभ्या करायच्या, दोन्हीकडून पुठ्ठा ठोकायचा, वर रंग फासायचा, आणि याला हे लोक भिंत म्हणतात. दिगंबरनं पन्नास वर्षं फलटणच्या आसपास दगड रचला होता. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर मारकुटा निघाला म्हणून सुटली. पण भिंत कशाला म्हणायचं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आल्या दिवशीच त्यानं त्या भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं आणि मुलाला म्हणाला, “लेका, एवढा इंजिनियर झालास आणि खोक्यात राहतोस?”

सहाला दहा कमी असताना गराजचं दार गडगडायचं, सगळं घर हलायचं. मग आतलं दार उघडून सत्यजित यायचा, किल्ल्या वाडग्यात टाकायचा, बूट काढता काढता विचारायचा, “बाबा, चहा झाला?” पाच महिने हेच. कंटाळा येईल इतकं हेच.

मार्चमधल्या एका मंगळवारी सत्यजित आत आला तो मान खाली घालून, खांदे आवळून, चौकटीखालून सरकून.

दिगंबर बघत राहिला. ते दार पावणेसात फुटांना एक इंच कमी होतं. त्यानं ते डोळ्यांनी मापलं होतं, पट्टीनंही तेवढंच भरलं असतं. पोरगा साडेपाच फुटांचा. डोक्यावर चौदा इंच हवा मोकळी.

“काय रे, मानेला काय झालं?”

“कुठे काय?”

“वाकलास ते.”

“मी? नाही हो बाबा.” सत्यजित हसला, आणि हसता हसता त्यानं ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. ती नजर दिगंबर ओळखत होता. त्या नजरेचा अर्थ होता तिकीट.

परतीचं तिकीट अठ्ठावीस मार्चचं होतं. पण गेल्या पावसाळ्यात फलटणला तो दूध गॅसवर ठेवून झोपला होता. भांडं जळलं, शेजारणीनं अमेरिकेत फोन केला, आणि तेव्हापासून म्हातारा एकटा राहायच्या लायकीचा नाही असं पोरानं ठरवून टाकलं. बरीच भांडणं होऊन एक तोडगा निघाला. वीस तारखेला डॉक्टर डोकं तपासणार. नीट निघालं तर तिकीट. नाही तर व्हिसाचं एक्स्टेन्शन, आणि मग दुसरं, आणि मग इथंच या पुठ्ठ्यात मरण.

म्हणून दिगंबरनं कप पुढे ओढला. चहा प्याला.

२

तळघरात गिरिजाचं गाव होतं.

गिरिजा म्हणजे सून. अॅन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत जाऊन ती जुन्या इमारतींचा इतिहास शिकत होती, आणि तिचा विषय होता चेक देशातलं एक गाव. नाव असं की जीभ दोनदा दुमडावी. दिगंबर त्याला ‘तुझं ते राजाचं गाव’ म्हणायचा. त्याचा नमुना ती दोन मोठी टेबलं जोडून तळघरात उभा करत होती. हिवाळ्यात बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, टीव्हीवरचं कळत नाही, म्हणून दिगंबर तिथं जाऊन बसायला लागला. आधी नावं ठेवायला. मग हात लावायला.

“साडेसातशे वर्षांपूर्वी इथं नुसतं रान होतं बाबा,” ती सांगायची. “ओटाकार राजानं अशी बरीच गावं वसवली. आधी दोर घेऊन एक माणूस यायचा. तो मधे चौक आखायचा, चौकाच्या कोपऱ्यांतून सरळ रस्ते काढायचा, मग चौकाभोवती प्लॉट पाडायचा. तोंडाला अरुंद, मागे लांबलचक.”

“म्हणजे सगळ्यांना चौकावर तोंड मिळावं.”

“एक्झॅक्टली! आमच्या प्रोफेसरना हे समजवायला एक लेक्चर लागलं.”

दिगंबरला त्या दोरवाल्याचं काम आवडलं. भोवती दुहेरी तट, तटाला अर्धगोल बुरूज, बुरुजांची आतली बाजू उघडी. म्हणजे शत्रूनं बुरूज घेतला तरी गावाकडून त्याला आडोसा नाही. चौकाच्या बाजूनं घरांखाली कमानींची ओळ, पावसातही बाजार चालावा अशी. पुढे आगी लागल्या, वरची घरं जळाली, नव्या लोकांनी नवे चेहरे चिकटवले. पण प्रत्येक घराखाली तळघरं होती, एकाखाली एक, कुठं दोन, कुठं तीन, दगडी कमानींची. ती राहिली.

“खाली जळण्यासारखं काही नव्हतंच,” गिरिजा म्हणाली.

चौकाच्या कोपऱ्यावरचं एक घर तिनं त्याला दिलं. त्यानं प्लास्टरमध्ये बारीक खडी घालून ते बांधलं, खालच्या तिन्ही तळघरांसकट. कोणाला दिसणार नव्हती तरी. मग दारापाशी काम अडलं.

“दाराचा साइज नकाशात नाहीये,” ती म्हणाली. “टाका काहीतरी अंदाजानं.”

“काहीतरी म्हणजे? दार माणसाच्या मापाचं असतं.”

“मग आणा तो माणूस. साडेसातशे वर्षांचा.”

“तो नसेल तर ज्याला राहायचंय त्याचं घ्यायचं.”

सत्यजित चहाचा कप घेऊन खाली आला होता. तो म्हणाला, “कॉर्नर प्लॉट आहे? घेतो मी. माझं माप घ्या बाबा.” आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गिरिजाही हसत त्याच्या शेजारी. दिगंबरनं शिवणाचा जाड पांढरा दोरा घेतला, दोघांना टाचेपासून डोक्यापर्यंत मापलं, दोन्ही दोरे एकत्र पिळले आणि सहा वेळा दुमडले. गिरिजाचं गाव खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याचं होतं. सहा घड्यांत चौसष्ट भाग पडतात. घडीच्या लांबीवर केसभर वाढवलं, ती डोक्यावर सोडायची मूठभर जागा, आणि तेवढं दार काढलं.

“तुमचं नाही घेतलंत?” गिरिजानं विचारलं.

“मला परत जायचंय,” दिगंबर म्हणाला.

मापाचा दोरा उघड्यावर टाकायचा नाही अशी त्याच्या उस्तादाची शिस्त होती. चौकटीच्या वर चुन्यात दाबून टाकायचा. फलटणमध्ये त्यानं बांधलेल्या प्रत्येक घरात दारावर एक दोरा होता. इथंही त्यानं ती घडी कमानीच्या डोक्यावर ठेवली आणि वरून प्लास्टर ओढलं. का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. हात करत आले तसे करून गेले.

हे फेब्रुवारीत.

३

पोराच्या वाकण्याची दिगंबरला सवय झाली. म्हातारपणी माणसाला कशाचीही सवय होते. सत्यजित आता प्रत्येक दारात वाकत होता, आणि गिरिजा मोकळ्या पॅसेजमधून तिरकी होऊन, भिंतीला हात लावत चालत होती. दोन्ही बाजूंना हातभर जागा असताना.

मग पायऱ्या सुरू झाल्या.

तळघरात जायला तेरा पायऱ्या. लाकडी, पोकळ, प्रत्येकीचा ठक असा आवाज. रविवारी दुपारी सत्यजित खालून कोकचे कॅन आणायला गेला. दिगंबर वर सोफ्यावर डोळे मिटून पडला होता आणि रिकामं डोकं पायऱ्या मोजत होतं. ठक, ठक. अकरा. बारा. तेरा.

मग चौदा.

चौदावीचा आवाज लाकडाचा नव्हता. पंधरावीचाही नाही. पाय दगडावर पडत होता, सावकाश, मधे झिजलेल्या दगडावर माणूस जपून टाकतो तसा. एकोणतीसपर्यंत त्यानं मोजलं. पुढे आवाज इतका खोल गेला की मोजता येईना.

पाच मिनिटांनी सत्यजित कॅन घेऊन वर आला, वाकून. “बाबा, तुम्हाला हवंय?”

कॅन हातात घेतला तर विहिरीतून काढल्यासारखा गार.

दिगंबर उठला, कठडा धरून स्वतः खाली गेला. तेरा. खाली सिमेंटची जमीन, घर तापवायची भट्टी घुरघुरतेय, टेबलावर गाव. वर आला. तेराच.

दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना त्यानं मोरेश्वरला विचारलं. मोरेश्वर नागपूरचा, बँकेतून निवृत्त, दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहायचा.

“तुमच्याकडे जिन्याचे आवाज येतात का हो?”

“जिन्याचे? आमच्याकडे तर नळ सोडला की भिंतीतून गंगा वाहते! लाकडाची घरं बुवा, थंडीत आकसतात, कुरकुरतात.” मग मोरेश्वर थांबला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “पण एक सांगतो दिगंबरराव, हे घरात बोलू नका. आमच्या कॉलनीत एकानं भिंतीत कोणी खोकतं असं सांगितलं. संपलं! मुलानं पासपोर्ट काढून घेतला. आता बसलाय गोळ्या खात.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“तेच. म्हणूच नका.”

लाकूड आकसतं. कान म्हातारे झाले. भट्टीच्या नळ्यांतून आवाज फिरतो. दिगंबरनं तिन्ही कारणं रांगेत लावली आणि त्यांवर बसून राहिला. पण गवंड्याच्या कानाला लाकूड कुठलं आणि दगड कुठला हे मरताना पण कळेल.

४

डॉक्टरच्या आदल्या दिवशी घरात कोणी नव्हतं. दिगंबर सकाळी दहा वाजता स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरला. झालेली चूक उचकटून टाकायची, एवढं त्यानं ठरवलं होतं. चूक कसली, ते ठरवलं नव्हतं.

वरच्या अरुंद खिडकीतून बर्फावरचं ऊन आत येत होतं. कोपऱ्यावरच्या घराच्या कमानीवर त्यानं टोक टेकवलं, दाबलं. प्लास्टरची खपली निघाली. आत दोऱ्याचं टोक दिसलं. ओलं.

त्यानं दोन बोटांत धरून ओढलं. सहा घड्यांचा दोरा, उलगडला तर साडेपाच फूट. साडेपाच फूट आला. मग आणखी आला. दिगंबर ओढत राहिला, कारण निम्म्यात सोडलेलं काम त्याला कधी बघवलं नाही. दोरा त्याच्या पायाशी साठत गेला, थंड, चुन्यानं पांढरा, आणि टेबलावरच्या त्या टीचभर घराच्या आतून येतच राहिला. ओढता ओढता त्याला वास आला. भिजवलेल्या चुन्याचा. त्या देशात पाच महिन्यांत त्याला तो एकदाही आला नव्हता, आणि त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

मग दोरा ताणला गेला.

भिंत धरताना लाइनदोरीला दोन माणसं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे चाळीस फूट, कधी झाडं, कधी कोपरा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. पलीकडच्यानं दोरी जागेवर धरली की तो दोन हिसके देतो. म्हणजे, धरलंय. अलीकडचा एक देतो. म्हणजे, मिळालं, कर सुरू. मग पहिला दगड बसतो.

दोऱ्याला दोन हिसके बसले. घाईचे नाहीत, जोराचे नाहीत. कामात मुरलेल्या हाताचे.

आणि पन्नास वर्षं जे केलं ते दिगंबरच्या हातानं केलं. डोक्याला कळायच्या आत त्यानं एक हिसका दिला.

दोरा सैल पडला. त्यानं तो सोडून दिला तसा तो सरकत, वळवळत, सगळाच्या सगळा आत निघून गेला. दिगंबर वर आला. तेरा पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. हात धुतले तरी चुना नखांत राहिला.

५

डॉक्टरला मराठी येत नव्हतं, दिगंबरला इंग्रजी. मधे सत्यजित. दवाखान्याच्या दारातही तो वाकला. खोलीत बसला तरी मान जराशी कलतीच.

साल कुठलं. महिना कुठला. शंभरातून सात काढा, परत सात काढा. हिशोब दिगंबरनं डॉक्टरच्या आधी केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. त्यानं काढलेलं वर्तुळ पाहून डॉक्टर काहीतरी म्हणाला आणि सत्यजित हसला. “म्हणतायत, इतका परफेक्ट सर्कल त्यांनाही जमणार नाही.”

“त्याला सांग, सुतळी दे, याच्यापेक्षा चांगला काढतो.”

मग डॉक्टरनं पेन खाली ठेवून एक प्रश्न विचारला.

“बाबा,” सत्यजित म्हणाला, “विचारतायत, घरात कधी असं काही दिसतं का, ऐकू येतं का... म्हणजे जे नसावं असं?”

दिगंबरनं आपल्या हातांकडे पाहिलं. समोर दोन गोष्टी होत्या. एकीकडे फलटणचं त्याच्या हातचं घर, दीड हात जाडीची भिंत, उन्हाळ्यात आत गारवा, स्वतःचा चहा स्वतः करायची मुभा. दुसरीकडे पोरगा. हो म्हटलं तर डॉक्टर लिहिणार, तिकीट गेलं, आणि तरी पोराच्या मानेला कोणी हात लावणार नाही. सगळे म्हाताऱ्यालाच औषध देणार.

“बाबा,” सत्यजितनं परत विचारलं, “ऐकू येतं का काही?”

डॉक्टरनं प्रश्न एकदाच विचारला होता. दिगंबरनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड नेहमीचंच होतं. डोळे मात्र बापाच्या नखांवर होते.

“नाही,” दिगंबर म्हणाला. “काही नाही. मला घरी जायचंय.”

सत्यजितनं ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरनं हात मिळवला. गाडीत परतताना पोरगा म्हणाला, “चला, छान झालं. जा तुम्ही निवांत.” आणि मग लाल सिग्नलवर, समोर बघत, “आम्हाला काय, आमचं इथे चालू झालंच आहे.”

“काय चालू झालंय?”

“अं? काही नाही. ऑफिसचं.”

तिकीट पक्कं झालं होतं. तो आठवडा तो संध्याकाळी टेबलाशी बसला नाही. वरच्या खोलीत दार लावून, टीव्ही मोठा करून बसला. तरी कधीमधी टीव्हीत जाहिरात संपून दुसरी लागेपर्यंतच्या फटीतून आवाज यायचा. थापीचा. दगडाच्या डोक्यावर लाकडी मूठ आपटून दगड बसवतात तसा. दोन ठोके, मग शांतता.

६

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकराला निघायचं होतं. ऊन पडलं होतं, छपरावरचा बर्फ वितळून ठिबकत होता. दिगंबर कोट घालून दाराशी बसला होता, लहान पोर सहलीला निघाल्यासारखा, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

“पासपोर्ट?”

“माझ्याकडे आहे. तुम्ही हरवाल,” सत्यजित म्हणाला. त्यानं बॅग उचलली. गिरिजानं धपाट्यांचा डबा पिशवीत घातला. गराजचं दार उजवीकडे. सत्यजित डावीकडे वळला आणि त्यानं तळघराचं दार उघडलं.

“अरे, गाडी तिकडं आहे.”

“हो बाबा, चला. उशीर होतोय.” तो वाकला आणि खाली गेला.

“गिरिजा, अगं हा कुठं चाललाय?”

गिरिजा दारात तिरकी झाली, मान लववली. मागे वळून मायेनं म्हणाली, “जपून या हं बाबा. तेरावीनंतर जरा ओल आहे.”

ठक, ठक, ठक. दोघांचे पाय. दिगंबर दाराशी पोचला तोवर तेरा पायऱ्या संपल्या होत्या. तो चौकट धरून उभा राहिला आणि मोजत राहिला, कारण दुसरं काय करायचं हे कळत नव्हतं. वीस. तीस. बॅगेची चाकं प्रत्येक दगडावर आपटत होती. चाळीस.

मग त्यानं खाली पाहिलं.

सिमेंटची जमीन असायला हवी तिथं जिना पुढे गेला होता. दगडी, मधोमध झिजलेला. वळणापाशी, जिन्याच्या आडवी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणलेली होती आणि दोरीखाली नवं काम होतं. तीन थर. गुडघ्याएवढी भिंत, चुना अजून ओला. दोघं ती ओलांडून गेले असणार. वरच्या थरावर बुटाचा ठसा होता. दगड घडवलेला, सांधा पातळ, एकसारखा. काम इतकं सुबक की दिगंबरला क्षणभर कौतुकच वाटलं. आणि मग ध्यानात आलं की सांधा मारायची ती तऱ्हा त्याचीच. शेवटी थापी डावीकडे किंचित वळवायची. दुसरं कोणी तसं करत नसे.

“सत्या!” तो ओरडला. “सत्या, वर ये!”

बॅगेची चाकं खाली खाली आपटत गेली.

“सत्या, खोटं बोललो रे मी! त्या डॉक्टरशी खोटं बोललो. मला दिसतंय. सगळं ऐकू येतंय मला, पहिल्या दिवसापासून! ते तिकीट फाड, कॅन्सल कर, मी राहतो. इथंच राहतो लेका, तू म्हणशील तोवर. गोळ्या दे, काय द्यायचं ते दे. वर ये!”

मग खूप खालून सत्यजितचा आवाज आला. रागाचा नव्हता. ऑफिसातून फोनवर बोलतो तसा, जरा घाईतला.

“आता कशाला बाबा? टेस्ट चांगली आली ना तुमची.”

आणि दोन ठोके.

दिगंबर खाली उतरला नाही. उतरायचं होतं त्याला, हे खरं. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवलाही. पण त्या दाराची चौकट ओळंब्यात नव्हती, या लोकांनी एक चौकट धड बसवली असेल तर शपथ. सोडलं की ते आपोआप मिटायचं. मागे मिटलं तर पुन्हा उघडल्यावर काय असेल, जिना की तेरा पायऱ्या आणि भट्टी, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो पहिल्या पायरीवर बसला आणि दार मिटू नये म्हणून पाठ त्याला लावली, सगळं वजन टाकून.

चौथा थर सुरू झाला असावा. वरून काम करणारा दिसत नव्हता, फक्त दोरी एक बोट वर सरकली.

“सत्या, मी आहे रे इथं,” तो दर थोड्या वेळानं म्हणत होता. आधी मोठ्यानं. मग घसा बसला तसा हळू.

विमानाची वेळ झाली. टळली. खिडकीतलं ऊन ओट्यावरून फरशीवर उतरलं. कधीतरी घराची बेल वाजली, आणि बाहेरून मोरेश्वरचा हसरा आवाज आला, “अहो दिगंबरराव, निघालात की काय न भेटता?” बेल परत वाजली. घराचं दार पंधरा पावलांवर होतं. पंधरा पावलं जायची, कडी काढायची, माणूस आत घ्यायचा आणि त्याला दाखवायचं. एवढंच.

दिगंबरनं तळघराच्या दाराला पाठ आणखी घट्ट लावली आणि उठला नाही.